पाण्याचा जिना

डिव्हायझेस, विल्टशायर

कालव्यावर नावेत आठवडा काढणार असे मी कळवले, तेव्हा नावाडी वल्हवीत असेल आणि मी लोडाला टेकून निसर्ग न्याहाळीत असेन, अशी आपल्यापैकी बऱ्याच जणांची समजूत झालेली दिसते. नावाडी येथे नसतोच. सात फूट रुंद आणि साठ फूट लांब अशी पोलादी नौका थोडक्या शिकवणीनंतर भाडेकऱ्याच्या हवाली होते, आणि ताशी चार मैलांच्या मर्यादेत ती हाकताना काठावरून पायी जाणारा गृहस्थही आपल्याबरोबर सहज राहतो.

हा केनेट-एव्हन कालवा १८१० साली मालवाहतुकीसाठी पुरा झाला, पुढे रेल्वेच्या ताब्यात जाऊन मोडकळीस आला, आणि मुख्यतः स्वयंसेवकांच्या श्रमांनी व वर्गणीने १९९० मध्ये पुन्हा अखंड वाहता झाला. येथे केन टेकडीवर दोन मैलांत २९ लॉक आहेत. लॉक म्हणजे दोन दारांमधला हौद: नाव आत घ्यायची, दार लावायचे, लोखंडी हँडलने झडप उचलून वरचे पाणी सोडायचे, की नाव वर चढते. हे सारे प्रवाशानेच करायचे.

पहिल्या लॉकपाशी मी हँडल लावणार, इतक्यात मागच्या नावेवरच्या वृद्ध बाईंनी हात केला. हौदात दोन नावा शेजारी शेजारी मावतात, तेव्हा दोघांसाठी एकदाच पाणी सोडू, असे त्यांचे म्हणणे. त्या नाव दोरीने बांधून लॉकवर आल्या, खालच्या झडपा पुरत्या मिटल्या आहेत की नाहीत हे पाहिले, आणि मगच माझ्या हाती काम दिले.

मला गावाकडची आमची पाटाची चारी आठवली. चुलत्यांचे शेत तिच्या शेवटी. पाळीच्या रात्री ते कंदील घेऊन बांधावर बसत, आणि पाणी वरच्याच शेतांत जिरून पहाटे आमच्या वाफ्याला ओलही लागत नसे. दाराची चावी पाटकऱ्याच्या कमरेला, अर्ज कचेरीत. म्हणून चारी फुटली तरी ती सरकारची असे समजून आम्ही वळसा घालून जात असू. या बाईंनी दुष्काळ पाहिला असेल असे वाटत नाही. आम्ही तर १९७२ साली खडी फोडून तो काढला आहे. पाण्याचा लोभ आमच्याइतका कोणाला असावा? तरीही हौदभर पाणी वाचवण्याकरिता थांबणे मला येथे येऊन शिकावे लागले, याचा मला मनापासून राग आहे, आणि ती चावी आमच्या पोरांच्या हाती कोणी विश्वासाने का दिली नाही, याचा त्याहून अधिक.

अखेरचे लॉक संध्याकाळी ओलांडले. मी नावेवर चढलो होतो; बाई मात्र मागे फिरल्या, झडपेच्या दात्यांवरून हात फिरवला, झडप एका दात्याइतकी वर राहिली होती ती उतरवली, आणि मग दोर सोडला.