ग्रेव्हज् आजार : बरे वाटले तरी गोळी आणि तपासणी सोडू नका

"मला थायरॉइड आहे" असे सांगणारी एखादी ताई आज जवळजवळ प्रत्येक आळीत भेटते. खरे तर थायरॉइड हे आजाराचे नाव नाही. ती आपल्या सगळ्यांच्या गळ्यात, पुढच्या बाजूला असलेली फुलपाखराच्या आकाराची एक लहानशी ग्रंथी आहे. तिच्यातून निघणारे हार्मोन शरीराचा वेग ठरवते. हृदय किती जोरात चालावे, अन्न किती लवकर जळावे, अंगात उष्णता किती राहावी, हे सगळे त्यावर अवलंबून असते. ही ग्रंथी मंदावली की एक आजार होतो आणि ती गरजेपेक्षा जास्त काम करू लागली की दुसरा. मंदावण्याचा आजार जास्त लोकांना असतो, म्हणून त्याची माहिती वस्तीत थोडीफार आहे. या वेळी आम्ही दुसऱ्या आजाराबद्दल लिहीत आहोत. त्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे ग्रेव्हज् आजार.

दोन्ही आजारांना आपण 'थायरॉइड'च म्हणतो, पण त्यांची औषधे एकमेकांच्या अगदी उलट आहेत. शेजारणीला मानवलेली गोळी ग्रेव्हज् असलेल्या बाईने घेतली तर आधीच पळणारे हृदय आणखी पळेल. म्हणून थायरॉइडची गोळी कधीही उसनी घेऊ नका आणि देऊ नका.

करणी नाही, नजर नाही

आयर्लंडमधील डब्लिन शहराचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज् यांनी १८३५ साली या आजाराचे वर्णन केले. त्यांचेच नाव आजाराला मिळाले. आपल्या शरीरात जंतूंशी लढणारी एक फौज असते. या आजारात ती चुकून थायरॉइड ग्रंथीलाच सतत डिवचत राहते आणि ग्रंथी थांबायचे विसरते. पुरुषांनाही हा आजार होतो, पण बायकांना तो कितीतरी पटीने जास्त होतो, आणि तोही बहुतेक वेळा ऐन कर्तेपणाच्या वयात. घरात आई, मावशी किंवा बहिणीला थायरॉइडचा त्रास असेल तर शक्यता वाढते. तो संसर्गाने पसरत नाही. एका ताटात जेवल्याने कुणाला होत नाही.

लक्षणे अशी : भूक चांगली असूनही वजन उतरते. बसल्या जागी छातीत धडधडते. हात पुढे केले की बोटे थरथरतात. इतरांना गारवा वाटतो तेव्हा हिला घाम फुटतो. झोप उडते, चिडचिड होते, वारंवार शौचाला जावे लागते, पाळी कमी होते. मांड्यांतले बळ जाते. भोर-वेल्ह्याच्या खाचरात भात लावणारी बाई वाकून उठताना कुणाचा तरी हात मागू लागते, उकिडवे बसले की उठवत नाही. काहींचा गळा पुढून सुजलेला दिसतो. काहींचे डोळे मोठे, बाहेर आल्यासारखे दिसतात आणि त्यांत वाळू गेल्यासारखे खुपते.

अशा बाईला लोक काय काय म्हणतात, हे आपण जाणतो. कुणी म्हणते डोक्यावर परिणाम झाला, कुणी म्हणते बाहेरचे आहे. टपोरलेले डोळे, थरथरणारे हात आणि रात्रीची जाग पाहून तिला भगताकडे न्यायला सांगणारेही भेटतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने अशा वेळी एकच करावे. दवाखान्यात जावे आणि रक्त तपासावे. वजन उतरले की क्षयाची शंका येते, साखरेची येते. त्या तपासण्या जरूर कराव्यात. पण त्यांत काही सापडले नाही तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा, "टीएसएच तपासायचे का?" ग्रेव्हज् आजारात टीएसएच फार खाली गेलेले असते आणि टी ३, टी ४ वर चढलेले असतात.

उपचाराच्या तीन वाटा

पहिली वाट गोळ्यांची. आपल्याकडे बहुधा कार्बिमाझोल देतात. ती ग्रंथीचे काम आवरते. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. तोवर धडधड आणि थरथर कमी व्हावी म्हणून प्रोप्रॅनोलॉलसारखी वेगळी गोळी देतात. दमा असेल तर ती घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. कार्बिमाझोल साधारण १२ ते १८ महिने चालते. ती थांबवल्यावर सुमारे निम्म्या रुग्णांचा आजार पुन्हा डोके वर काढतो.

दुसरी वाट किरणोत्सर्गी आयोडीनची. नाव ऐकून लोक घाबरतात. थायरॉइड ग्रंथी आयोडीन ओढून घेते, याच गुणाचा हा उपयोग आहे. औषध तोंडाने घ्यायचे असते. ते ग्रंथीत जाऊन तिच्या पेशी निकामी करते. जगात हा उपचार पहिल्यांदा १९४१ साली अमेरिकेत बोस्टनला झाला. आपल्या राज्यात मुंबईला परळमध्ये १९६३ साली सुरू झालेले रेडिएशन मेडिसिन सेंटर आज भाभा अणुसंशोधन केंद्राचा भाग आहे आणि थायरॉइडच्या रुग्णांवर तिथे कित्येक दशके असे उपचार होत आले आहेत. लागणारे आयोडीन १३१ ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत तयार होते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला हे औषध देत नाहीत. घेतल्यावर काही दिवस लहान मुले आणि गरोदर बायका यांच्यापासून लांब राहावे लागते आणि पुढचे किमान सहा महिने दिवस राहू द्यायचे नसतात. डोळ्यांचा त्रास असेल तर तो या औषधाने वाढू शकतो, म्हणून आधी डोळे दाखवावेत.

तिसरी वाट शस्त्रक्रियेची. गाठ मोठी असेल किंवा बाकी दोन वाटा जमत नसतील तर ग्रंथी काढतात.

आयोडीन घेतल्यावर बहुतेकांची ग्रंथी पुढे मंदावते. संपूर्ण ग्रंथी काढली तर हार्मोन बनायचेच थांबते. मग थायरॉक्सिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते. उपचार फसला असा त्याचा अर्थ नाही. हे ठरलेलेच असते. ही गोळी सकाळी उपाशीपोटी फक्त पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा अर्ध्या ते एका तासाने. आशाताई देतात ती रक्तवाढीची लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी त्यानंतर चार तासांनी घ्यावी. एकत्र घेतल्या तर थायरॉक्सिन अंगी लागत नाही.

बरे वाटणे आणि बरे होणे

दोन-तीन महिन्यांत वजन भरते, झोप लागते, धडधड थांबते. नेमकी इथेच गोळी सुटते. आषाढात लावणी सुरू होते, चिखलातून अंधार पडल्यावर घरी येणे होते, गोळी संपलेली असते, आणि "आता काय होतंय मला" म्हणून महिना जातो. गोळी फार महाग नाही. महाग पडतो तो बुडालेला रोज आणि पुण्याचा हेलपाटा. भोर ते स्वारगेट सुमारे पन्नास किलोमीटर, आणि वेल्ह्याच्या आतल्या वाडीतून तर आधी एसटी गाठण्यातच सकाळ जाते. ही अडचण खरी आहे, आळस नाही. पण गोळी सोडल्याची किंमत पुढे याहून मोठी पडते.

हृदय : वाढलेले हार्मोन वर्षानुवर्षे राहिले तर हृदयाचे ठोके अनियमित होतात. त्यातून रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन लकवा मारू शकतो, हृदय कमजोर होऊ शकते.

हाडे : हाडांतले कॅल्शियम झिजते. पाळी गेलेल्या बाईचे हाड साध्या पडण्यानेही मोडते. आपल्या डोंगरातली नाचणी इथे उपयोगी आहे. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते. पण नाचणीची भाकरी गोळीची जागा घेत नाही.

डोळे : विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत डोळ्यांचा त्रास जास्त होतो, जास्त बळावतो आणि उपचारांना कमी दाद देतो. रुग्णाने ओढू नये आणि घरात इतरांनीही ओढू नये. एकाचे दोन दिसणे, रंग फिके दिसणे, नजर कमी होणे, डोळा पूर्ण न मिटणे, यांतले काहीही झाले तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे लगेच जावे.

गरोदरपण : आजार आटोक्यात नसेल तर गर्भपात आणि वेळेआधी बाळंतपण यांचा धोका वाढतो. कार्बिमाझोलने सुरुवातीच्या महिन्यांत बाळात दोष येऊ शकतो, म्हणून त्या काळात औषध बदलतात. दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे. पाळी चुकली तर मनाने गोळी बंद न करता त्याच आठवड्यात जावे. पूर्वी आयोडीन घेतले असेल किंवा ग्रंथी काढली असेल तरी ते बाळंतपणाच्या डॉक्टरांना सांगावे, कारण आईच्या रक्तातून बाळाला त्रास पोहोचू शकतो.

इथे एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. मुलीचे लग्न मोडेल म्हणून आजार लपवला जातो आणि सासरी कुणाला कळू नये म्हणून मुलगी गोळ्या सोडते. मग पहिल्या बाळंतपणात सगळे उघड होते, तेही तिच्या जिवावर बेतून. औषध नीट घेणारी मुलगी संसार करते, शेत करते, नोकरी करते, आई होते. हे दोन्ही घरांनी आधीच मोकळेपणी बोलावे.

धोक्याच्या खुणा

कार्बिमाझोल घेताना ताप, घसा दुखणे किंवा तोंडात फोड आले तर पुढची गोळी घेऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासा. क्वचितच, पण या गोळीने त्या पेशी एकदम घटतात आणि साधा संसर्गही जिवावर उठतो. डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली तरी तसेच करावे. गोळी सोडलेल्या रुग्णाला मोठा ताप, फार जोरात धडधड, उलट्या-जुलाब आणि बरळणे सुरू झाले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

घराने आणि वस्तीने काय करावे

विहारात आपण ऐकतो की, अतिसाराने आजारी पडून एकटा पडलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदासोबत स्वतःच्या हाताने धुतले, अंथरुणावर नीट निजवले आणि संघाला एकमेकांची सेवा करायला सांगितले. ग्रेव्हज् आजारात ही सेवा अगदी साध्या कामांची आहे, पण ती वर्षानुवर्षे करायची आहे.

घरातल्या एकाने मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजायला शिकावे. शांत बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी ६० ते १०० असते. ती १०० च्या वर राहत असेल किंवा अडखळत असेल तर दवाखान्यात सांगावे. वहीत तारीख, वजन, नाडी आणि गोळीची मात्रा लिहावी. सुरुवातीला दर चार ते सहा आठवड्यांनी, नंतर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासावे लागते. सगळे ठीक झाल्यावरही वर्षातून एकदा तपासणी जन्मभर ठेवावी. लावणीच्या आधी दोन महिन्यांच्या गोळ्या घरात आहेत ना, हे पाहावे. चिडचिड आजाराची आहे, बाईच्या स्वभावाची नाही, हे मुलांनाही सांगावे.

आधी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात जावे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. थायरॉइडच्या रक्ताचा नमुना तिथेच घेतात का, हे विचारा. घेत असतील तर पुण्याचा एक हेलपाटा वाचतो. पुढे ससूनला पाठवले तर चिठ्ठी, जुने रिपोर्ट, आधार आणि रेशनकार्ड बरोबर न्यावे.

आषाढी पौर्णिमेपासून वर्षावासात आपण विहारात जमतो. नेमका हाच गोळ्या सुटण्याचा काळ. महिला मंडळाने त्या बैठकीत, रुग्णाची हरकत नसेल तर, एवढेच विचारावे : कुणाची गोळी संपत आली आहे? कुणाची तपासणी राहिली आहे? दोघी-तिघींना पुण्याला जायचे असेल तर एकाच दिवशी जा, म्हणजे सोबत होते आणि मागे राहिलेल्यांना कुणाची पोरे सांभाळायची, कुणाची लावणी उरकायची, हे आधी ठरवता येते.