लहान पेटी, मोठी भूक

'एलएस तीन-पाच ए' हा लहान बांध्याचा स्पीकर बीबीसीने १९७०च्या दशकात फिरत्या प्रक्षेपण-गाड्यांसाठी घडवला. माणसाचा आवाज पारखायला. अब्बांची कॅसेट ऐकायला मी तसली जुनी जोडी घेतली. पेटी लहान, म्हणून अ‍ॅम्प्लिफायरही लहान जोडला. आवाज पुरेना, बटण पूर्ण फिरवलं आणि ट्विटर जळाला.

चूक माझीच. याची संवेदनशीलता जेमतेम ८२-८३ डेसिबल, म्हणजे भूक मोठी. त्यात जुन्या जोडीचा विद्युत-अडथळा १५ ओहम. ८ ओहमला ५० वॅट देणारा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर इथे जवळपास निम्मेच देतो. ताकद संपली की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात; ती विकृतीच ट्विटरला जाळते.

म्हणून अ‍ॅम्प्लिफायर दमदार घ्यावा, बटण बेतानं फिरवावं. आता अब्बा हळू बोलतात, पण श्वासासकट ऐकू येतात.