फुंकलं, पण कशासाठी?

"मशीनीत फुकून पाह्यलं ना भाऊ, काहीच नाही निंघालं."

हे वाक्य मी बडनेऱ्यात इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते कानावर पडलं की आधी राग येतो आणि मग भीती वाटते. स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर ऐकलं, जिनिंगच्या फाटकाशी ऐकलं, अमरावतीला जाणाऱ्या ऑटोत ऐकलं. बोलणाऱ्याला महिनाभराचा खोकला असतो. संध्याकाळी कणकण येते, पँट कंबरेला सैल झालेली असते. पण कुठल्याशा शिबिरात नळीत फुंकून झालेलं असतं, कागदावर 'नॉर्मल' लिहून मिळालेलं असतं आणि तेवढ्यावर सगळं घर निर्धास्त असतं.

आमच्या जुन्या वस्तीतल्या एका काकाजींनी असा कागद दोन महिने शर्टाच्या खिशात बाळगला. कोणी खोकल्याचं विचारलं की घडी उलगडून दाखवायचे. शेवटी बेडका तपासला, तेव्हा टीबी निघाला. कागदावर लिहिलेलं खरंच होतं. पण टीबी आहे का, हे त्या मशीनला कोणी विचारलंच नव्हतं, आणि विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं.

गैरसमज: नळीत फुंकलं की छातीतला रोग मशीन पकडते

ही समजूत कुठून आली ते उघड आहे. रात्री नाक्यावर पोलिस नळी पुढे करतात, माणूस फुंकतो आणि दारूचा आकडा समोर येतो. मग लोक विचारतात, दारू कळते तर रोग का नाही कळणार? प्रश्न रास्त आहे. उत्तरही नीट समजून घ्यावं असं आहे.

दारू बाहेरून पोटात जाते, रक्तात मिसळते आणि फुप्फुसांतून श्वासात उतरते. शोधायचा पदार्थ एकच, तोही ठाऊक असलेला आणि भरपूर. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा होतो. रक्तात एवढं अल्कोहोल असेल, तर सोडलेल्या श्वासाच्या दर एक अब्ज रेणूंमध्ये अल्कोहोलचे सुमारे 75 हजार रेणू येतात. आता दम्याकडे बघा. दम्याची सूज ओळखायला श्वासातला नायट्रिक ऑक्साइड वायू मोजतात. प्रौढ माणसात एक अब्जात 50 च्या वर गेला की तो जास्त मानतात. कुठे 75 हजार आणि कुठे 50! नाक्यावरच्या मशीनला ही कुजबुज ऐकू येणं शक्यच नाही. आणि टीबीचं तर असं एकच, ठरलेलं, श्वासात हमखास सापडणारं रसायनही हाती नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. शिबिरातली ती मशीन श्वासात काय आहे हे बघतच नाही. तिला स्पायरोमीटर म्हणतात. जॉन हचिन्सन या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी 1846 मध्ये ती जगापुढे मांडली. तिचं काम नळाच्या मीटरसारखं आहे. मीटर किती लिटर पाणी गेलं ते सांगतं. पाणी गढूळ की स्वच्छ, हे सांगत नाही. स्पायरोमीटर तसंच सांगतं, की छातीतून किती हवा निघाली आणि किती वेगानं निघाली.

दीर्घ श्वास घेऊन जीव खाऊन फुंकलं की पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती पडली, याचं गुणोत्तर काढतात. श्वासनलिका रुंद करणारं औषध देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकवतात. तरीही गुणोत्तर 0.7 च्या खाली राहिलं आणि लक्षणंही जुळली, तर सीओपीडीचं, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचं, निदान होतं. थोडक्यात, ही मशीन नळ्या अरुंद झाल्यात का, याचं उत्तर देते. टीबीचा डाग फुप्फुसाच्या वरच्या टोकाला असेल, कॅन्सरची गाठ एका कोपऱ्यात असेल, तर हवा बाहेर पडायला काही अडत नाही. आकडा चांगला येतो. दम्याच्या माणसाचाही दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांत अगदी नॉर्मल येऊ शकतो.

त्यात फुंकण्याचीही पद्धत आहे. नाकाला चिमटा, ओठ नळीभोवती घट्ट, हवा संपेपर्यंत न थांबता फुंकणं आणि एकमेकांशी जुळणारे निदान तीन चांगले प्रयत्न. रांगेत उभं करून एकेकाला एकदा फुंकवलं, तर त्या कागदाला फारसा अर्थ उरत नाही. आणि टीबीचा संशय असलेल्या माणसाला सगळ्यांच्या मशीनमध्ये फुंकायला लावूच नये. आधी बेडका तपासावा. जोरात फुंकताना खोकला उसळतो आणि मागच्या माणसाला धोका होतो.

मग ही मशीन निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. उलट आपल्याकडे ती हवी तिथे वापरलीच जात नाही, हे माझं दुसरं दुःख आहे. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये 2018 साली आलेल्या अभ्यासानुसार 2016 मध्ये भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते. "बीडी ओढत नाही, मग मले कायचा सीओपीडी?" असं म्हणणाऱ्यांनी पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांचा 2009 चा 'लॅन्सेट'मधला लेख लक्षात ठेवावा. सीओपीडीच्या 25 ते 45 टक्के रुग्णांनी आयुष्यात कधी धूम्रपान केलेलं नसतं, असा अंदाज त्यांनी मांडला. आपल्या वऱ्हाडात याचं कारण लांब शोधायला नको. ज्या आईनं, आजीनं चुलीत पऱ्हाट्या घालून आयुष्यभर भाकरी भाजल्या, तिची छाती त्या धुरानं भरली आहे. तिला धाप लागली की "वय झालं" म्हणून सोडून देतात. खरं तर या मशीनसमोर आधी तिला बसवायला हवं.

तसंच जिनिंगमधल्या माणसाचं. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होणं, ही त्याची खूण. तो ओळखायचा तर पाळी सुरू होण्याआधी एकदा आणि पाळी संपल्यावर एकदा फुंकवून दोन आकड्यांतला फरक बघावा लागतो. सुट्टीच्या दिवशी शिबिरात एकदा फुंकलं, तर हा फरक दिसणार कसा?

मग श्वासात काय आहे, ते तपासताच येत नाही का?

येतं, आणि ते शास्त्र खरं आहे. 1971 मध्ये रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी माणसाच्या श्वासात सुमारे 250 वेगवेगळे पदार्थ असल्याचं दाखवलं. त्यातून पुढे दवाखान्यात पोचलेली फुप्फुसांची मुख्य तपासणी म्हणजे वर सांगितलेली नायट्रिक ऑक्साइडची. तिथे जोरात फुंकायचं नसतं. दहा सेकंद एकसारखं, संथ फुंकायचं असतं. दम्यातली विशिष्ट सूज किती आहे आणि स्टेरॉइडचा पंप लागू पडेल का, याचा अंदाज त्यातून येतो. पण तिलाही मर्यादा आहेत. बीडी-सिगारेटनं आकडा खाली येतो, आदल्या जेवणात पालक किंवा बीट असेल तर वर जातो. म्हणून एकट्या त्या आकड्यावर दम्याचा शिक्का मारत नाहीत.

बाकी बहुतेक गोष्टी अजून प्रयोगशाळेत आहेत. अडचण अशी, की श्वासात फक्त रोगाचा वास नसतो. खोलीतली हवा, सकाळचा नाश्ता, तोंडातला खर्रा, रस्त्यावरचं डिझेल, सगळ्यांचे रेणू त्यात मिसळलेले असतात.

2020 मध्ये दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात भारत-इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी श्वासावरून कोविड ओळखण्याची चाचणी घेतली, तेव्हा पेपरात मोठे मथळे आले. "आता फुंकलं की कळणार" हे लोकांच्या डोक्यात बसलं ते अशाच बातम्यांनी. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं एप्रिल 2022 मध्ये कोविडच्या एका श्वास-चाचणीला आणीबाणीची परवानगी दिली खरी. ती 91.2 टक्के बाधितांना ओळखत होती आणि 99.3 टक्के निरोगी लोकांना बरोबर निरोगी म्हणत होती. ऐकायला उत्तम वाटतं. आता हिशेब करा. हजार लोकांत दहा बाधित असतील तर त्यातले नऊ सापडतील, पण उरलेल्या 990 निरोगी लोकांतल्या सातांनाही ती बाधित म्हणेल. सोळांत सात चुकीचे. म्हणूनच 'बाधित' आल्यास दुसरी चाचणी करून खात्री करावी, अशी सूचना प्रशासनानं परवानगीतच दिली होती. ही सूचना मात्र मथळ्यात येत नाही.

टांझानियात मोठ्या आकाराचे उंदीर वासावरून टीबी ओळखतात, हेही मला उत्साहानं सांगितलं जातं. खरं आहे. पण ते उंदीर माणसाचा श्वास हुंगत नाहीत, थुंकीचे नमुने हुंगतात. त्यांनी दाखवलेल्या नमुन्याची खात्रीही पुन्हा प्रयोगशाळेत करतात.

आणखी काही गैरसमज, थोडक्यात

*दहा सेकंद श्वास रोखता आला म्हणजे फुप्फुसं ठणठणीत.* कोविडमध्ये पसरलेली ही गोष्ट जागतिक आरोग्य संघटनेनं तेव्हाच खोडून काढली होती.

*तीन गोळ्यांचं यंत्र ही छातीची तपासणी आहे.* तो व्यायाम आहे, आणि त्यात फुंकायचं नसतं. नळीतून हवा आत ओढून गोळ्या वर उचलायच्या असतात.

*बोटाला लावलेल्या मशीनवर 98 आलं, म्हणजे छाती साफ.* ते रक्तातला ऑक्सिजन सांगतं. टीबीच्या सुरुवातीला तो आकडा चांगलाच असतो.

*तोंडाला वास येतो म्हणजे फुप्फुसं खराब.* बहुतेक वेळा तो वास हिरड्यांचा आणि जिभेचा असतो. आधी दातांच्या डॉक्टरांकडे जा.

*डॉक्टरांनी ब्रेथ टेस्ट लिहिली म्हणजे छातीचा आजार.* युरिया ब्रेथ टेस्ट पोटातल्या एका जंतूसाठी असते.

मग करायचं काय?

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर बेडका तपासायचा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. सकाळी उठल्यावर मोकळ्या हवेत उभं राहून खोलवरून खोकून काढलेला बेडका डबीत द्यायचा. नुसती लाळ चालत नाही. आता सीबीनॅट आणि ट्रूनॅट या चाचण्यांतून जंतूंची जनुकं सापडतात आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, तेही कळतं. यातली ट्रूनॅट गोव्यातल्या मोलबायो कंपनीची. तिला 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मान्यता दिली. उपचार मोफत, आणि नोव्हेंबर 2024 पासून पोषणासाठी महिन्याला हजार रुपये या हिशेबानं रक्कम रुग्णाच्या खात्यात जमा होते. माहितीसाठी 1800-11-6666 हा क्रमांक आहे.

शिबिरात फुंकायला जरूर जा. पण कागद हातात आला की समोरच्याला एवढंच विचारा, "भाऊ, या मशीनीनं काय मोजलं?" उत्तर 'हवेचा वेग' असेल, तर धाप लागणाऱ्याचा अर्धा प्रश्न सुटला. खोकणाऱ्याचा प्रश्न अजून तसाच आहे.

काकाजींचा सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण झाला आहे. परवा फाटकाशी कोणीतरी पुन्हा तेच म्हणालं, मशीनीत काहीच नाही निंघालं. मी तोंड उघडायच्या आत काकाजीच बोलले: "फुकणं झालं ना बाप्पा, आता डबी घेऊन ये."