उपग्रहाची जमिनीवरची बाजू

नारायणगावजवळ आर्वीला 1971 मध्ये विक्रम भू-केंद्र सुरू झालं, तेव्हाची डिश सुमारे 30 मीटर व्यासाची. उपग्रह 36 हजार किलोमीटरवर, पण जमिनीवरून एकाच जागी दिसणारा. डिशला फारसं हलावं लागत नसे. आता साडेपाचशे किलोमीटर उंचीवरून धावणारे उपग्रह काही मिनिटांत क्षितिजाआड जातात. त्यांच्यामागे लागायला सपाट अँटेना आली. तिच्यातल्या शेकडो बारीक घटकांचे सिग्नल किंचित मागेपुढे केले की झोत वळतो. मोटर लागतच नाही. भू-केंद्रात कपाटंच्या कपाटं भरणाऱ्या यंत्रांचं बरंचसं काम सॉफ्टवेअरने घेतलंय. पाऊस मात्र जुनाच वैरी. केए बँड या उच्च वारंवारितेच्या पट्ट्यातले सिग्नल मुसळधार सरींत क्षीण होतात, म्हणून लांबचं दुसरं केंद्र सज्ज ठेवतात. इकडे कोसळू लागला की सगळी वाहतूक तिकडे.