गुडघा धरणारे हात, गुडघा पेलणारी मांडी

गुडघा दुखायला लागला की घरोघरी निदान तयार असतं : वंगण संपलं! मग तेल चोळून होतं, शेक होतो आणि तरीही जिना चढवेना झाला की फिजिओथेरपिस्टकडे ‘मशीन लावून घ्यायला’ जाणं होतं. तिथे कधीकधी भलताच प्रकार घडतो. मशीन बाजूला राहतं. गुडघ्याची वाटी बोटांत धरून वर-खाली सरकवली जाते, पाय सरळ होताना जिथे अडतो तिथे तळहाताने हळूहळू दाब दिला जातो आणि निघताना घरी करायचे तीन-चार व्यायाम हातावर टेकवले जातात. दुखऱ्या सांध्याला आराम द्यायचा सोडून हे काय, असं वाटणं साहजिक आहे.

सांध्यातलं वंगण एकदा भरलं की संपेपर्यंत पुरवायचं, असं नसतं. सांध्याचं आतलं अस्तर ते सतत तयार करतं. खरी नाजूक बाब म्हणजे हाडांच्या टोकांवरची कूर्चा. तिला रक्तवाहिन्या नाहीत. पोषणासाठी ती याच द्रवावर अवलंबून असते. वजन पडलं की ओल्या स्पंजासारखी ती दबते, उतरलं की पुन्हा द्रव शोषून घेते. गुडघा हललाच नाही तर ही ये-जा मंदावते. मांडीचं नुकसान त्याहून मोठं. सांधा सुजला, दुखला की मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूंना मिळणारी आज्ञाच आखडती घेते. स्नायू रोडावतात आणि जिना उतरताना जो भार त्यांनी झेलायचा, तो सांध्यावर पडतो. दुखतं म्हणून चालणं कमी आणि चालणं कमी म्हणून दुखणं जास्त, असं हे चक्र फिरत राहतं.

हात नेमकं काय करतात? ‘सरकलेलं हाड जागेवर बसवतात’ हे उत्तर लोकप्रिय आहे, पण पुरावा वेगळं सांगतो. पाठीच्या कण्याचा तळ आणि कटिबंधाचं हाड यांना जोडणाऱ्या सांध्यावर स्वीडनमध्ये एक अभ्यास झाला. तो १९९८ साली प्रसिद्ध झाला. झटका देऊन उपचार केल्यावर तपासणाऱ्यांच्या हाताला सांधा सुधारलेला वाटला. क्ष-किरणांच्या अत्यंत अचूक मोजणीत मात्र हाडांची जागा बदललेलीच नव्हती. बदल बहुधा मज्जासंस्थेत होतो. ऑस्ट्रेलियातल्या २००७ च्या एका प्रयोगात दुखऱ्या गुडघ्याला काही मिनिटं हाताने सौम्य हालचाल दिली, तेव्हा दाब सहन करण्याची क्षमता गुडघ्यात वाढलीच, शिवाय त्याच पायाच्या टाचेतही वाढली. टाचेला कुणी हात लावला नव्हता. याचा अर्थ, वेदनेचे संदेश वाटेतच थोडे दबले गेले असावेत. हा दिलासा खरा असतो. पण स्नायूंत ताकद त्याने येत नाही. ती ज्याची त्यालाच कमवावी लागते.

हाताने केलेले उपचार, म्हणजे हस्तोपचार, आणि व्यायाम एकत्र केल्यावर काय होतं, याचा एक परिचित अभ्यास अमेरिकी लष्कराच्या रुग्णालयातून आला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८३ रुग्ण होते. एका गटाला हस्तोपचार आणि व्यायाम मिळाले, दुसऱ्याला परिणामच होणार नाही इतका सौम्य अल्ट्रासाउंड. म्हणजे नुसतं मशीन! वर्षभरात दुसऱ्या गटातल्या २० टक्के रुग्णांना गुडघ्याची बदलशस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, पहिल्या गटात ५ टक्क्यांना. पुढे २०२० मध्ये त्याच संशोधकांनी १५६ रुग्णांत फिजिओथेरपीची तुलना स्टेरॉइडच्या इंजेक्शनशी केली. वेदना, ताठरपणा आणि हालचालीतली अडचण २४० गुणांत मोजली. गुण जितके कमी तितकं बरं. सुरुवातीला दोन्ही गट शंभरीच्या थोडं पुढे होते. वर्षाने इंजेक्शनवाले सरासरी ५५.८ वर आले, फिजिओथेरपीवाले ३७ वर.

श्रेय हाताचं की व्यायामाचं? याच संशोधकांच्या २००५ च्या चाचणीत काहींनी फक्त घरी व्यायाम केले, काहींना त्याच्या जोडीला हस्तोपचार आणि देखरेखीखालचा व्यायामही मिळाला. चार आठवड्यांनी पहिल्या गटाचा त्रास २६ टक्क्यांनी घटला, दुसऱ्याचा ५२ टक्क्यांनी. वर्षअखेर मात्र दोघं जवळपास बरोबरीत होते. न्यूझीलंडमधल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या २०६ रुग्णांच्या चाचणीने चित्र आणखी गुंतागुंतीचं केलं : हस्तोपचारांचा फायदा झाला, व्यायामाचाही झाला, पण दोन्ही जोडल्याने फायद्याची बेरीज झाली नाही. तेव्हा प्रत्येकाला दोन्ही हवंच, असा नियम नाही. ज्याचा पाय सरळच होत नसेल किंवा ज्याला दुखण्यामुळे व्यायाम सुरूच करवत नसेल, त्याला आधी हात उपयोगी पडतात. ज्याला उठ-बस जमते त्याने थेट व्यायामाला लागावं.

व्यायामही साधेच असतात. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणं, पाय सरळ ठेवून उचलणं, हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणं, एका पायरीवर चढणं-उतरणं. करताना थोडं दुखलं तर घाबरायचं कारण नाही. दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर मात्रा कमी करायची. मात्र गुडघा गरम होऊन ताप आला, पडल्यावर पायावर भार देता येईना किंवा पोटरी अचानक सुजली, तर आधी डॉक्टर.

फिजिओथेरपिस्टकडे जाताना म्हणून तीन प्रश्न सोबत न्यावेत : घरी मी काय करू, किती वेळा करू आणि ते कधी वाढवू? यांची उत्तरं न मिळता महिनोन्‌महिने नुसता शेक आणि मशीन चालू असेल, तर पैसे दुखणं पुढे ढकलण्यासाठी जात आहेत असं समजावं.