सॅनिटायझर चढतं का?

करोनाच्या काळात ही शंका पुष्कळांनी थट्टेत विचारली: दिवसभर सॅनिटायझर चोळणारा माणूस नाकाबंदीत सापडला तर? शंका अगदीच वेडगळ नव्हती. अल्कोहोल त्वचेतून आत जातंच. किती जातं आणि पुढे त्याचं काय होतं, हे बघायला हवं.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा, जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. पेशींमधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी बुजलेल्या असल्यामुळे पाणी तिथे अडतं. अल्कोहोलचा रेणू लहान, पाण्यात सहज मिसळणारा आणि तेलाशीही थोडंफार जमवून घेणारा, म्हणून तो वाट काढतो. पण उघड्या हातावर त्याला तेवढा वेळच मिळत नाही. बहुतेक सगळं हवेत उडून जातं.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात १२ जणांनी अर्ध्या तासात २० वेळा, दर खेपेला ४ मिलिलिटर द्रव हातांना चोळला. एवढं कोणी करत नाही. तरी ९५ टक्के इथेनॉल असलेल्या द्रवानेही रक्तातलं प्रमाण १०० मिलिलिटरला साधारण २ मिलिग्रॅमपर्यंतच चढलं, आणि त्यात वाफेबरोबर नाकावाटे गेलेला वाटाही आला. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. प्यायलेल्या माणसाचं यकृत तासाला १५ ते २० मिलिग्रॅम या वेगाने रक्तातलं अल्कोहोल काढून टाकतं, तेव्हा हे काम किरकोळच. (हातावरची ताजी वाफ यंत्रात शिरून आकडा खोटाच फुगला, तर ती गोष्ट वेगळी.)

द्रवाला उडून जायला वाव नसेल, तर मात्र हिशेब बदलतो. तापात कपाळावर कोलनवॉटरची पट्टी ठेवणं आपल्याकडे घरोघरी चाले. मोठ्या माणसाला त्या पट्टीने काही होत नाही. पण तान्ह्या बाळाचं सगळं अंग स्पिरिटने पुसणं धोक्याचं. वजनाच्या मानाने बाळाची त्वचा मोठ्यांपेक्षा खूपच जास्त, त्यात बंद खोलीतली वाफ. आयसोप्रोपिल अल्कोहोलने अंग पुसल्यावर बाळं बेशुद्ध पडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. ताप उतरवायला साधं कोमट पाणी पुरतं.

खरी गंमत यकृतात आहे. तिथलं अल्कोहोल डीहायड्रोजिनेज हे एन्झाइम आलेल्या प्रत्येक अल्कोहोलवर तीच प्रक्रिया करतं, पण निघणारा माल वेगवेगळा. इथेनॉलचं आधी ॲसिटाल्डिहाइड, मग ॲसिटेट होतं आणि शेवटी पाणी व कार्बन डायऑक्साइड उरतात. आयसोप्रोपिलचं ॲसिटोन होतं, म्हणजे नेलपॉलिश काढायच्या द्रवातलं रसायन. ते श्वासावाटे आणि लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून रुग्णाच्या श्वासाला तो वास येतो. मिथेनॉलचं होतं फॉर्माल्डिहाइड आणि पुढे फॉर्मिक आम्ल. हे आम्ल पेशींचा श्वास रोखतं आणि त्याचा पहिला मोठा तडाखा डोळ्यांच्या मज्जातंतूला बसतो. मुंबईत मालवणीच्या २०१५ सालच्या दारूकांडात शंभराहून अधिक माणसं गेली, ती याच मिथेनॉलने.

तिथे ते पोटात गेलं होतं. पण मिथेनॉल त्वचेतूनही चांगलंच शिरतं, आणि काही थिनरांत, रंग काढायच्या द्रवांत ते असतं. कोंदट खोलीत, हातमोजे न घालता, भिजलेल्या फडक्याने तासन्तास काम करणाऱ्याला धोका आहे. अंगावर भिजलेला कपडा तसाच राहिला तर आणखी.

उताराही याच एन्झाइमच्या आवडीनिवडीत सापडतो. त्याला मिथेनॉलपेक्षा इथेनॉल अधिक पसंत, म्हणून डॉक्टर रुग्णाला मोजून इथेनॉल देत आले आहेत. एन्झाइम त्यात गुंतलं की मिथेनॉल जसंच्या तसं हळूहळू बाहेर पडायला सवड मिळते. फोमेपिझोल हे औषध एन्झाइमलाच अडवतं. डायलिसिसने मिथेनॉल आणि आम्ल दोन्ही रक्तातून काढता येतात. मात्र विषाचं आम्ल व्हायला वेळ लागत असल्यामुळे धूसर दिसणं, पोटात दुखणं ही लक्षणं कित्येकदा बारा ते चोवीस तासांनी उमटतात. तोवर कारागीर घरी गेलेला असतो, आणि 'दारू प्यायलास का?' या प्रश्नाला त्याचं 'नाही' हे उत्तर खरंच असतं. आदल्या दिवशी हात कशात होते, हे डॉक्टरांना वेगळं विचारावं लागतं.