गोठलेल्या जलाशयावरील सुरक्षितता

गोठलेल्या तलावाच्या किंवा नदीच्या पृष्ठभागावर वावरताना घ्यावयाच्या दक्षतेस गोठलेल्या जलाशयावरील सुरक्षितता म्हणतात.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात जलाशय गोठत नाहीत. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर येथील वेण्णा तलाव व लिंगमळा परिसरात मात्र कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठून हिमकण दिसतात. निरभ्र, निवांत रात्री गवत, मोटारींचे टप व बोटीच्या धक्क्याच्या फळ्या उष्णता उत्सर्जित करून हवेपेक्षाही थंड होतात. जड, गार हवा सखल भागात साचते. पाण्याची उष्णताधारकता अधिक असल्याने तलाव द्रवरूपच राहतो. येथील धोका निसरड्या फळ्यांपुरता असतो. सातारा, सांगलीहून हिमालयात जाणाऱ्या पर्यटकांना मात्र लडाखमधील पँगाँगसारखी खरोखर गोठलेली सरोवरे पाहावयास मिळतात.

बर्फाची जाडी

पाणी ४° सेल्सिअसला सर्वाधिक घन असते. त्याहून थंड पाणी वर राहून प्रथम गोठते व बर्फाखाली पाणी द्रवरूप राहते. एका व्यक्तीस चालण्यासाठी किमान १० सेंमी जाडीचा स्वच्छ, निळसर बर्फ आवश्यक मानतात. पांढरा, बर्फ-हिम मिश्रित थर त्याच्या सुमारे निम्माच मजबूत असतो. प्रवाहाची मुखे, झरे व हिमाच्छादित भाग येथे थर पातळ असतो. जाडी सर्वत्र सारखी नसल्याने कोणताही बर्फ पूर्णतः सुरक्षित मानू नये.

बुडाल्यास

कृष्णेच्या पात्रात पट्टीचा पोहणाराही बर्फाळ पाण्यात अगतिक होतो. पहिल्या मिनिटात शीत-आघाताने श्वास अनावर होतो. त्या वेळी तोंड पाण्याबाहेर ठेवून श्वास स्थिर करावा. हातपाय उपयोगी पडण्याचा काळ त्यानंतर सुमारे १० मिनिटेच असतो. ज्या दिशेने आलो त्याच दिशेस वळावे, कारण तेथील बर्फाने भार पेललेला असतो. हात बर्फावर पसरून, पाय जोराने मारत शरीर वर सरकवावे. बाहेर येताच उभे न राहता गडगडत दूर जावे.

बचाव व उपचार

मदतकर्त्याने कडेपर्यंत चालत जाऊ नये. काठावरून, अथवा पालथे पडून, दोर, काठी किंवा पागोट्यासारखे लांब वस्त्र फेकावे. बाहेर काढलेल्या व्यक्तीचे ओले कपडे बदलून तिला कोरड्या पांघरुणात आडवे ठेवावे. हातपाय चोळू नयेत व मद्य देऊ नये. त्याने शरीराची उष्णता अधिकच घटते. वैद्यकीय मदत त्वरित घ्यावी.